‘बेस कमी करा’ म्हणण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे कार्यक्रमांतल्या गोंगाटाबद्दल वाचकांची पत्रं आपल्या अंकात येत आहेत. त्यातल्या बहुतेक पत्रांत एक शब्द हमखास असतो, ‘बेस’. छातीत धडकी भरवणारा बेस, खिडक्यांच्या काचा थरथरवणारा बेस. तक्रार रास्त आहे आणि मी तक्रारदारांच्या बाजूची आहे. पण मी 19 वर्षं बेस गिटार वाजवते आहे, आणि ज्या धडधडीने वाचक हैराण झालेत तिच्याखाली सगळ्यात आधी गाडलं जातं ते माझंच वाद्य. म्हणून हे पत्र.

सोमवार ते शुक्रवार मी एका कार्यालयात हिशेब तपासते. शनिवार-रविवारी बँडबरोबर वाजवते, महिन्याला चार-पाच कार्यक्रम होतात. मानधन मिळतं, पण त्यातलं बरंचसं तारा, केबल, दुरुस्ती आणि सामान वाहून नेण्यातच जातं. माझ्यासारखे अर्धवेळ वाजवणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडे स्वतःचा ध्वनितंत्रज्ञ नसतो, सामान उचलायला माणसं नसतात. त्या दिवशी त्या जागी जे असेल त्यावर आमचं वाजणं ठरतं.

बेस गिटारला साधारण चार तारा असतात. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 कंपनं होतात, पुढच्या तीन तारांची 55, 73 आणि 98. म्हणजे हे खर्जातले स्वर आहेत, नुसते ठोके नाहीत. गिटारवादक ‘सी मेजर’ ही कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरसमूह, वाजवत असताना मी खाली ‘ए’ स्वर लावला, तर ऐकणाऱ्याच्या कानी पडते वेगळीच कॉर्ड, ‘ए मायनर सेव्हन’. त्याने एक बोटही हलवलेलं नसतं, तरी गाण्याचा रंग पालटतो. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये जो बेस बाजारात आणला त्याचं नावच ‘प्रिसिजन’. उभा डबल बेस बँडच्या आवाजात बुडून जायचा आणि त्याला पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसल्यामुळे स्वराची जागा हाताच्या अंदाजाने धरावी लागायची. नव्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे स्वर अचूक लागायचा. हे वाद्य जन्मालाच आलं ते खालचा स्वर स्पष्ट ऐकू यावा म्हणून. आज ‘बेस’ म्हटलं की लोकांना एकच ‘धम्म’ आठवतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुरुवातीची सहा-सात वर्षं मीही चुकीच्या वाटेने गेले. ऐकू येत नाही म्हणजे सामान कमी पडतंय, अशी माझी पक्की समजूत होती. अँपेग कंपनीने 1969 मध्ये 300 वॉटचा, जुन्या रेडिओसारख्या व्हॉल्व्हवर चालणारा एसव्हीटी नावाचा अँप (वाद्याचा आवाज वाढवणारं यंत्र) काढला, तेव्हापासून दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट ही बेसवाल्यांच्या मनातली मोठी गोष्ट होऊन बसली. तसलं एक जुनं कॅबिनेट मी घेतलं. जिना असला की दोघांनी उचलायचं, एकाने खालून टेकू द्यायचा. पाठ धरली, ड्रमरचा अंगठा एकदा दाराच्या चौकटीत सापडला, आणि कार्यक्रम संपल्यावर लोक सांगायचे की तुमचं काही कळलंच नाही, नुसतं घुमत होतं. मग मी आवाज आणखी वाढवायची.

डोळे उघडले ते एका सभागृहात. तिथले ध्वनिव्यवस्था सांभाळणारे काका वयस्कर होते. त्यांनी मला सांगितलं, एकच स्वर लांबवत राहा, आणि स्वतः चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले. मग डाव्या कोपऱ्यात, मग बाल्कनीखाली. परत येऊन म्हणाले, “ताई, आवाज निम्मा करा, मग ऐकू याल.” माझ्या अँपवरचं खर्जाचं बटण त्यांनी मागे घेतलं, सुमारे 40 हर्ट्झच्या (सेकंदाला 40 कंपनांच्या) खालचं सगळं मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, कापलं, आणि पायाने वाजवायच्या किक ड्रमचा जो भाग माझ्या स्वरांवर चढून बसत होता तो थोडा उतरवला. स्टेजवर मला वाटलं, आज आपण गेलोच. पण त्या दिवशी मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या बहिणीने पहिल्यांदाच मला विचारलं, “दुसऱ्या अंतऱ्यात तू खालून वर चढत गेलीस ते काय होतं गं?” तिला एकेक स्वर कळला होता.

कारण साधं आहे. 41 हर्ट्झच्या स्वराची एक लहर सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते. एवढ्या लांब लहरी भिंतींवरून परततात आणि एकमेकींत मिसळतात. खोलीत एका जागी त्यांची बेरीज होते, दुसऱ्या जागी वजाबाकी. म्हणून एकाच सभागृहात चौथ्या रांगेतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि दहाव्या रांगेतल्याला खर्ज ऐकूच येत नाही. स्टेजवर उभी असलेली मी हे ओळखू शकत नाही. मिक्सरजवळ बसलेला माणूसही बसल्या जागेवरून ओळखू शकत नाही. कुणीतरी उठून सभागृहभर फिरायला हवं, आणि त्यासाठी वेळ हवा.

नेमका तोच कधी मिळत नाही. कार्यक्रम सातला असतो. साडेपाचला आम्ही पोचतो तेव्हा सजावट चालू असते. सहाला माइक लागतात आणि प्रत्येक जण त्यात ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो. साडेसहाला प्रेक्षकांना आत सोडतात. आमचा साउंड चेक, म्हणजे आधी वाजवून आवाज जुळवणं, होतो तो पहिल्या गाण्यातच. घाईत बिचारा ऑपरेटर तरी काय करणार? भरल्यासारखं वाटावं म्हणून सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारे मोठे स्पीकर, वाढवतो. वाचक ज्याला बेस म्हणून नावं ठेवतात तो पुष्कळदा याच घाईतून आलेला असतो. तीस मिनिटं मोकळं सभागृह आणि फिरून ऐकणारा एक माणूस, एवढं मिळालं तर एकूण आवाज कमी ठेवूनही सगळं ऐकू येतं. हे मी डझनभर ठिकाणी अनुभवलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. स्टेजवरचं अर्थिंग.

बारा वर्षांपूर्वी एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात मी कोरसची ओळ गायला माइकजवळ गेले. डावा हात तारांवर होता. ओठ माइकच्या जाळीला लागले आणि जबड्यातून मनगटापर्यंत एक पांढरा झटका गेला. दात आपटले, वाद्य पट्ट्याला लटकून राहिलं म्हणून वाचलं. ओठावरची आग दुसऱ्या दिवशीपर्यंत होती. झालं होतं असं: बेसच्या तारा ब्रिज आणि केबलमधून अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. माझा जुना अँप ज्या एक्स्टेंशन बोर्डात लावला होता त्याला तिसरं भोक होतं, पण त्यामागे वायरच नव्हती. अँपमधून गळणाऱ्या विजेला जायला जागा नव्हती. माइक मात्र मिक्सरमार्फत नीट अर्थ केलेला होता. मधला दुवा मी झाले.

तेव्हापासून माझ्या बॅगेत तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर असतो. पोचल्यावर वाद्य काढायच्या आधी मी सॉकेट तपासते. सगळंच त्यात कळतं असं नाही, पण अर्थ जोडलेलाच नसेल तर दिवे लगेच सांगतात. अर्थ नसेल तर अँप लावत नाही, मग कुणाला कितीही राग येवो. माइकवर स्पंजची टोपीही चढवते.

याहून धोकादायक एक सवय मी स्वतः पाहिली आहे. स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो, तो घालवायला काही लोक प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. आवाज जातो, आणि त्याबरोबर वादकाचं संरक्षणही जातं. योग्य उपाय आहे डीआय बॉक्स. बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ही लहानशी डबी लावली की तिच्यावरच्या ग्राउंड लिफ्टच्या खटक्याने फक्त आवाजाच्या केबलची जमीन तुटते, विजेची शाबूत राहते. संपूर्ण बँडच्या सामानात इतकी छोटी आणि इतकी महत्त्वाची दुसरी वस्तू नाही.

त्या ‘हूं’बद्दल थोडं सांगते, कारण तो मला वर्षानुवर्षं छळत आला आहे. वीज 50 हर्ट्झची असली की ही घरघर 50 आणि तिच्या दुपटीवर, 100 हर्ट्झवर, येते. माझ्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ‘जी’ हा स्वर आहे, 49 हर्ट्झ. सगळ्यात बारीक मोकळी तारही ‘जी’चीच, 98 हर्ट्झ. म्हणजे घरघर माझ्या ‘जी’पेक्षा अर्ध्या स्वराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने चढी असते. ‘जी’ स्वराचं गाणं आलं की वाटतं, शेजारी कुणीतरी तंबोरा बेसूर लावून बसलंय. लोक म्हणतात, एवढं कुठे कळतं? कळतं. नाव सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे खुर्चीत बसलेल्यालाही जाणवतं.

आता माझं सामान अगदी थोडं आहे. हातात धरता येईल असा हलका क्लास-डी प्रकारचा अँप, निओडिमियम या हलक्या चुंबकाच्या दोन स्पीकरचं कॅबिनेट, डीआय बॉक्स, दोन केबल, वाद्याच्या मानेतली सळई (ट्रस रॉड) पिळायची अॅलन की, ट्यूनर, आणि नऊ व्होल्टची जादा बॅटरी. बॅटरी यासाठी की माझा दुसरा बेस अॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, आहे, आणि जॅक आत खुपसला की त्याची बॅटरी चालू होते. एकदा मी रात्रभर केबल तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गाण्यात आवाज आधी फाटला, मग चिरका झाला, मग गेला. गाणारीने दोन गाणी नुसत्या गिटारवर काढून नेली. तिचे मी आजही आभार मानते. मुख्य वाद्यावर सहा वर्षांपूर्वीच्याच गुळगुळीत फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा आहेत. जेम्स जेमर्सन या थोर बेसवादकाने आपल्या 1962 च्या प्रिसिजनवरच्या तारा सहसा बदलल्या नाहीत आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवलं. नवं सामान घ्यायचा मोह झाला की मी त्यांना आठवते.

कानांचं सांगायला हवं, कारण तिथे वाचक आणि आम्ही एकाच बोटीत आहोत. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही संस्था 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा मानते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आमचा एक सेट पाऊण तासाचा असतो. डाव्या कानात मला शांत रात्री बारीक शिट्टी ऐकू येते, ती आता जाणार नाही. मी फिल्टरवाले इअरप्लग वापरते आणि बँडमधल्या नव्या मुलांना पहिल्या सरावाच्या दिवशीच हातात ठेवते.

म्हणून कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रेक्षकांना सोडण्याआधी आम्हाला अर्धा तास सभागृह द्या, आणि स्टेजवर खरोखर अर्थ असलेलं थ्री-पिन कनेक्शन द्या, ते आदल्या दिवशी वायरमनकडून तपासून घ्या. यात कुणावर मोठा खर्च पडत नाही.

गेल्या महिन्यापासून मी कार्यक्रम स्वीकारताना या दोन गोष्टी लेखी कळवते. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या ठिकाणाहून परवा फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “अर्थ असलेले पॉइंट किती हवेत, आणि स्टेजच्या कुठल्या बाजूला?” 19 वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी सांगितलं, दोन हवेत, ड्रमच्या डावीकडे.

आपली,
एक बेस गिटारवादक वाचक