मेस्त्रेंच्या सेमिनारला येण्याआधी

रिओ दि जानेरो,
१२ नोव्हेंबर

चि. सुजितला अनेक आशीर्वाद.

जानेवारीत येतोयस असं दादानं फोनवर सांगितलं. तू आल्यावर दुसऱ्याच शनिवारी मेस्त्रेंचा सेमिनार आहे, तुझं नाव घातलंय. तालमीतली कुस्ती अंगात असली की जिउ जित्सूतलं, म्हणजे इथल्या जमिनीवरच्या पकडींच्या कुस्तीतलं, निम्मं काम सोपं होतं आणि निम्मं त्या कुस्तीपायीच बिघडतं. म्हणून आधीच लिहितोय.

मेस्त्रे म्हणजे आपले वस्तादच, पण इथं ती पदवी वर्षं मोजून मिळते. काळ्या पट्ट्यावर सातवी डिग्री यायला आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमानं निदान ३१ वर्षं लागतात, मग पट्टा लाल-काळा होतो. अशा माणसाकडून चकचकीत नवा डाव मिळेल म्हणून येऊ नकोस. तीन तासांत चार-पाच गोष्टी दाखवतील, त्यातल्या दोन बघून ‘एवढंच?’ वाटेल. नेमक्या त्याच नीट बघ.

तुमच्या मातीत पाठ टेकली की संपलं. इथं पाठीवर पडून समोरच्याची कंबर पायांत आवळली की त्याला गार्ड म्हणतात, आणि खरी लढत तिथून पुढं. पैलवान मात्र खाली गेला की सवयीनं पोटावर वळतो. चीत होत नाही, पण पाठ देऊन बसतो. मागचा माणूस दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, हनुवटीखालून हात सरकवतो आणि ‘माता लेआंव’ लागतो, शब्दशः सिंहमार. त्यात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळं दम कोंडल्याचं फारसं कळतही नाही आणि काही सेकंदांत शुद्ध जाते. पाय धरून पाडायच्या पटाचंही तसंच. डोकं खाली घालून पट काढलास की मान त्याच्या काखेत जाते आणि गिलोटीन, म्हणजे समोरून मान आवळायचा डाव, बसतो. छाती वर, नजर समोर, डोकं त्याच्या बरगडीला चिकटलेलं हवं.

मेस्त्रे ‘उपा’, म्हणजे छातीवर बसलेल्याला उलटवायचा डाव, दाखवतीलच. तू खाली उताणा, तो छातीवर बसलेला, त्याचा उजवा हात तुझ्या गळ्याकडे. उजव्या हातानं ते मनगट तिथंच दाबून धर, डाव्या हातानं कोपराच्या वरचा भाग. डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाबाहेरून अडकव. टाचा बुडाजवळ ओढ. मग कंबर उचल आणि डाव्या खांद्यावरून मागं बघत त्याला उलटव. तुमचा पूल, म्हणजे डोक्यावर घेतलेली कमान, इथं घात करतो: पैलवान डोक्यावर सरळ मागं जातो, मानेवर भार घेतो आणि वरचा तसाच बसून राहतो. दिशा तिरकी हवी. पाऊल अडकवायचं राहिलं तर तो पाय पसरून तोल सावरतो, टाचा लांब राहिल्या तर कंबर उचलतच नाही. आणि छातीला रेटून त्याला वर ढकलायला जाऊ नकोस. सरळ झालेला हात म्हणजे आर्मबारचं, कोपर उलटं वाकवणाऱ्या पकडीचं, आमंत्रण.

जोडीदाराला पहिल्या पाच-सहा वेळा अजिबात अडवायचं नाही. नंतर थोडा जोर. पहिल्यापासून ताकद लावणाऱ्या पैलवानाबरोबर दुसऱ्या फेरीला कुणी उभं राहत नाही. प्रश्न असेल तर ‘त्यानं असं केलं तर?’ असं तोंडी विचारण्यापेक्षा स्थिती घेऊन दाखव. भाषेचीही अडचण येत नाही. व्हिडिओ शूटिंग विचारल्याशिवाय नको. घरी आल्यावर प्रत्येक डावाच्या तीन गोष्टी वहीत उतरव: पकड कुठं, भार कुठं, फसला कुठं.

टॅप करायला, म्हणजे हार मानल्याची खूण द्यायला, लाजू नकोस. हातानं दोनदा-तीनदा थोपट, हात अडकले असतील तर तोंडानं सांग. १९५१ साली इथल्याच माराकाना स्टेडियमवर जपानचे ज्युदोपटू मासाहिको किमुरांनी इथल्या जिउ जित्सूचे जुने वस्ताद हेलियो ग्रेसींचा हात पिरगळून मोडला, तरी त्यांनी हार मानली नाही, शेवटी त्यांच्या बाजूनं टॉवेल पडला. त्या पकडीला तेव्हापासून किमुरा म्हणतात. गोष्ट ऐकायला भारी आहे, पण सेमिनारात कोपर गमावण्यात काही शौर्य नाही.

गी, म्हणजे सरावाचा पोशाख, इथल्या भाषेत किमोनो, इथंच घेऊ. मापं कंपनीगणिक बदलतात आणि सुती कापड गरम पाण्यात आखडतं, म्हणून अंगात घालून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. धुणं गार पाण्यात आणि त्याच दिवशी. जानेवारीच्या दमट उकाड्यात रात्रभर पिशवीत राहिली तर वास आणि नायटा दोन्ही येतात. नखं आदल्या दिवशी काप. मॅटबाहेर चप्पल, मॅटवर अनवाणी, संडासात अनवाणी कधीच नाही. आणि मालिश करून येऊ नकोस. तेलकट अंगानं मॅट निसरडी होते, वस्तादाआधी सगळे जोडीदारच बाहेर काढतील.

वहिनींना म्हणावं, तेलाची बाटली नको, कांदा-लसूण चटणी मात्र घट्ट बांधून द्या. दादाला नमस्कार.

तुझा
काका