बाबा, इथे जुलै 36 दिवसांचा होता

उत्तरा, ढाका
शुक्रवार, 8 ऑगस्ट 2025

ती. बाबा व आई यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आपलं वाजलं. बाबा, तुम्ही म्हणालात, "एकाहत्तर साली आपल्या जवानांनी रक्त सांडून यांना देश मिळवून दिला आणि ही कालची पोरं आपल्यालाच डोळे वटारतात. तू गाशा गुंडाळ आणि निघून ये." मीही तोडून बोललो, आईने फोन काढून घेतला. तेव्हापासून चैन नाही. फोनवर मला हे सगळं धड मांडता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. आज सुट्टीचा वार आहे. गिरणीतला एक सहकारी परवा कोलकात्यामार्गे गावी निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो.

धाकटा पुण्यात राज्यसेवेची तयारी करतोय, त्यामुळे सुरुवात कुठून झाली हे तुम्हाला चटकन कळेल. इथे सरकारी नोकऱ्यांसाठी बीसीएस म्हणून परीक्षा असते. जागा 3,000 च्या आसपास, बसणारे 4 लाखांच्या घरात. त्यातही 56 टक्के जागा राखीव होत्या आणि त्यातल्या 30 टक्के एकाहत्तरच्या मुक्तियोद्ध्यांच्या मुला-नातवंडांसाठी. 2018 साली पोरांनी आंदोलन केलं तेव्हा सरकारने हा कोटाच रद्द केला. मागच्या वर्षी जूनमध्ये हायकोर्टाने तो परत आणला. मुक्तियोद्ध्यांचा मान कुणालाच नको नव्हता. पण तिसऱ्या पिढीपर्यंत जागा अडवायच्या आणि त्या सत्तेतल्या पक्षाच्या माणसांच्या घरात जायच्या, हे पोरांना सहन होत नव्हतं. धाकट्याच्या खोलीतली पोरं रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसतात ना, तशीच ही पोरं.

आई, तुझी आई आम्हाला झोपवताना रझाकारांच्या गोष्टी सांगायची, आठवतं? नळदुर्गाकडचं तुमचं गाव रात्रीतून कसं रिकामं झालं, कडेवर पोरं आणि डोक्यावर पितळी भांडी घेऊन बायका सोलापूरच्या हद्दीत कशा आल्या. तोच शब्द इथेही आहे. एकाहत्तरमध्ये पाकिस्तानी लष्कराबरोबर राहून आपल्याच शेजाऱ्यांना मारणारे ते इथले रझाकार. या देशात त्याहून घाण शिवी नाही. आणि 14 जुलैला तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना पत्रकारांसमोर म्हणाल्या, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत, तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या? त्या रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून मुली कुलपं तोडून बाहेर आल्या. "तुमी के, आमी के? रझाकार, रझाकार!" आपल्याकडे कुणी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, बघा, स्वतःच कबूल करतात. पण त्याच घोषणेची पुढची ओळ होती, "के बोलेछे? स्वैराचार!" म्हणजे, असं म्हणालं कोण? हुकूमशहा. आजीचा तो शब्द पंचवीस वर्षांच्या पोरींच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या किती दुखावल्या असतील, हे मला त्यावरून कळलं.

दोन दिवसांनी रंगपूरला अबू सईद नावाचा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला. हातात फक्त एक काठी होती. त्याला गोळ्या घातल्या. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

मी जे पाहिलं ते 18 जुलैचं. आमच्या घरापासून आझमपूरचा चौक चालत पंधरा मिनिटं. सकाळपासून खासगी विद्यापीठांची पोरं, कॉलेजची पोरं रस्त्यावर होती. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर दप्तरं. दुपारी आवाज सुरू झाले. अश्रुधुराचा वास चौथ्या मजल्यापर्यंत आला, तेव्हा बाबा, तुम्ही दिलेले आपल्या मागावरचे दोन टॉवेल ओले करून मी दाराच्या फटीत कोंबले आणि तिसरा तोंडाला बांधून बसून राहिलो. खाली जायचं धाडस झालं नाही. त्याच दिवशी त्या चौकात मीर मुग्धो नावाचा एक मुलगा पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होता. धुराने डोळे चोळत चोळत ओरडत होता, "पानी लागबे कारो, पानी?" थोड्याच वेळात त्याला गोळी लागली. हे शब्द आता इथल्या भिंतीभिंतीवर आहेत. मला ते वाचायला बंगाली यावं लागत नाही. पाणी लागेल का कुणाला, पाणी? आपलीच भाषा आहे की ती.

त्याच रात्री इंटरनेट तोडलं, मग संचारबंदी आली. ते पाच-सहा दिवस आईने जेवण सोडलं होतं, हे मला नंतर ताईने सांगितलं.

21 जुलैला सुप्रीम कोर्टाने मुक्तियोद्ध्यांचा कोटा 5 टक्क्यांवर आणला, 93 टक्के जागा गुणवत्तेवर केल्या. पण तोवर इतकी पोरं गेली होती की कोट्याचं नाव कुणी काढेना. हिशेब होईपर्यंत जुलै संपू द्यायचा नाही, असं पोरांनी ठरवलं. 31 नंतर 32, 33, 34. आमच्या इथल्या चहावाल्याने फळ्यावर तारीखही तशीच लिहिली होती. 36 जुलैला, म्हणजे 5 ऑगस्टला, उत्तऱ्यातून माणसांचा पूर शहराकडे चालत गेला आणि दुपारी हसीना हेलिकॉप्टरने निघून गेल्याची बातमी आली. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे त्या दीड महिन्यात 1,400 पर्यंत माणसं मारली गेली असावीत, त्यात शंभरातली बारा-तेरा लहान मुलं. बाबा, या मुलांना "कालची पोरं" म्हणू नका, एवढीच माझी विनंती होती.

सगळं छान झालं असं मी म्हणत नाही. त्या आठवड्यात पोलीस गायब झाले आणि हिंदूंच्या घरांवर, देवळांवर हल्ले झाले. आमच्या डाइंग (रंगाई) विभागातला एक जण आठ दिवस बायको-पोरांना घेऊन मुसलमान शेजाऱ्याकडे राहिला. मदरशातली पोरं रात्रभर देवळांबाहेर बसलेलीही मी पाहिली, चौकात शिट्ट्या मारून गाड्या सोडणारी कॉलेजची पोरंही पाहिली. आणि याच फेब्रुवारीत धानमंडी 32 चं शेख मुजीबांचं, म्हणजे हसीनांच्या वडिलांचं, घर बुलडोझर लावून पाडलं. ज्या घरात त्यांना कुटुंबासह मारलं, ते घर. लेकीवरचा राग बापाच्या घरावर काढला. मला फार वाईट वाटलं, आणि गिरणीत मी ते बोलूनही दाखवलं. काही जणांनी मान खाली घातली, काही जण माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

आता तुमचा मुद्दा. आपल्यावर राग का? "दिल्ली ना ढाका? ढाका, ढाका!" (दिल्ली की ढाका?) ही घोषणा पहिल्यांदा खिडकीखाली ऐकली तेव्हा मी दिवा मालवला होता, खोटं कशाला सांगू. पण नंतर मी विचारत गेलो. आमच्या क्वालिटी विभागात एक बाई आहे, इथल्या रीतीप्रमाणे सगळे तिला आपा म्हणतात. तिशीची आहे आणि एकदाही खरं मतदान केलेलं नाही. 2014 ला विरोधकांचा बहिष्कार, 2018 ला रात्रीच पेट्या भरल्याची बोंब, 2024 ला पुन्हा बहिष्कार. आणि प्रत्येक वेळी निकाल लागला की पहिल्या अभिनंदनांत दिल्लीचं अभिनंदन. फेलानी हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही. 2011 साली सीमेच्या काटेरी कुंपणावर आपल्या जवानांच्या गोळीने मेलेली पंधरा वर्षांची मुलगी. इथे ते नाव शाळकरी पोरालाही माहीत आहे. तिस्तेच्या पाण्याचा करार त्याच वर्षापासून अडलेला आहे. वरून हसीना आजही आपल्याकडेच आहेत. आपण मैत्री एका घराण्याशी केली, बाबा. ते घराणं पडलं तेव्हा या देशात आपलं म्हणायला कुणी उरलं नाही.

आणि आता दोन्हीकडून दारं लावून घेणं चाललंय. एप्रिलमध्ये यांनी जमिनीवरच्या बंदरांतून आपलं सूत घेणं बंद केलं. बेनापोलहून ट्रकने येणारं आमचं सूत आता जहाजाने चट्टग्रामला (चितगाव बंदरात) येतं, तोवर माग थांबतात. मे महिन्यात आपण यांचे कपडे फक्त कोलकाता आणि न्हावा शेव्यातून घ्यायचं ठरवलं, जूनमध्ये ताग फक्त न्हावा शेव्यातून. खुलन्याचा ताग, ज्याला बंगालची सीमा हाकेच्या अंतरावर, तो अख्ख्या हिंदुस्थानाला वळसा घालून उरणला उतरायचा! अमेरिकेने यांच्यावर 20 टक्के आयात कर लावलाय, आपल्यावर 25 आणि परवा आणखी 25 जाहीर केला. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांच्या पोटात गोळा आला असेल. अशा वेळी शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा धंदा बुडवायचा का?

मागच्या महिन्यात इथे उत्तऱ्यातच शाळेवर हवाई दलाचं विमान कोसळलं, पोरं होरपळली. दिल्लीहून भाजण्यावरचे डॉक्टर आले. चहावाला मला म्हणाला, "दादा, तुमचे डॉक्टर आले." पैसे घेतले नाहीत त्याने.

या मंगळवारी 36 जुलैला वर्ष झालं. भर पावसात इथल्या अंतरिम सरकारचे प्रमुख युनूस यांनी जुलै घोषणापत्र वाचलं आणि रात्री फेब्रुवारीत निवडणूक घेऊ म्हणाले. आपा मतदार यादीत नाव आहे का ते तपासायला रांगेत उभी राहणार आहे.

तिच्याबद्दलच शेवटचं लिहितो. तिचा धाकटा भाऊ मागच्या जुलैत छर्रे लागून जखमी झाला. उजवा डोळा गेला. डाव्यात अजून एक छर्रा आहे. इथल्या डॉक्टरांनी भारतात दाखवा म्हटलं. आपले व्हिसे गेल्या ऑगस्टपासून जवळजवळ बंद आहेत, उपचाराचे थोडेथोडके मिळतात. त्यांनी तीनदा अर्ज केला. ती माझ्यावर कधी चिडली नाही. एकदाच म्हणाली, "भाई, तुमच्या देशाने हसीनाला जागा दिली, माझ्या भावाला पंधरा दिवसांची द्यायला काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याचे सगळे रिपोर्ट मी ताईच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेत. बाबा, तुम्ही ज्यांच्याकडून मोतीबिंदू काढून घेतला त्या डॉक्टरांना ते स्वतः नेऊन दाखवाल का? छर्रा काढण्यासारखा आहे का, आणि त्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र मिळेल का, एवढं विचारा. ते पत्र जोडून चौथ्यांदा अर्ज करू. मुलगा एकवीस वर्षांचा आहे. कॉम्प्युटर शिकत होता.

उद्या राखी पौर्णिमा. ताईची राखी अजून पोचली नाही, पण वाट पाहतोय. आईला सांगा, वेळेवर जेवतोय.

तुमचा,
थोरला