‘न्यू वर्ल्ड’मागची कविता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतील, चेक संगीतकार ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीवरचा लेख आवडला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांचे ड्वोर्झाकवरचे ऋण त्यात मनापासून मांडले आहे. मात्र अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘द साँग ऑफ हायवाथा’ या १८५५ सालच्या दीर्घकाव्याचा साधा उल्लेखही नाही, याची चुटपुट लागली.

हा माझा तर्क नव्हे. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा खुद्द ड्वोर्झाकनेच ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ला सांगितले होते, की तिसरा भाग हायवाथातल्या मेजवानीच्या नाचावरून सुचला. काव्यात नायक हायवाथाच्या लग्नाची पंगत बसली आहे आणि पाऊ-पुक-कीविस नावाचा नाचणारा उठतो. आधी हलकी पावले, मग गिरक्या, मग पाहुण्यांच्या डोक्यांवरून उड्या. शेवटी तो असा घुमतो की पाला आणि वाळू भोवऱ्यासारखी उडू लागते. एवढे वाचून तो भाग ऐकावा. टिंपनीचे ठोके, ट्रँगलची किणकिण, एका वाद्याने टाकलेला तुकडा दुसऱ्याने झेलणे, या सगळ्यात मला तर तो नाचणाराच दिसतो. इंग्लिश हॉर्न या सुषिर वाद्याच्या सुरावटीमुळे सर्वांच्या ओळखीचा झालेला संथ दुसरा भागही, ड्वोर्झाकच्याच सांगण्याप्रमाणे, ‘हायवाथा’वरच्या नियोजित मोठ्या रचनेचा कच्चा आराखडा होता. ती रचना त्याच्या हातून झालीच नाही.

आणि श्रेय द्यायचे तर पुरते द्यावे. लाँगफेलोने घेतलेल्या बहुतेक कथा उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या, त्यांच्या मनाबोझो या लोककथानायकाच्या. हायवाथा हे नाव मात्र इरोक्वा या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या एका नेत्याचे! या कथा त्या गोळा करणारे अभ्यासक हेन्री स्कूलक्राफ्ट यांच्या पुस्तकांतून लाँगफेलोपर्यंत पोहोचल्या. स्कूलक्राफ्ट यांच्या पत्नी जेन यांची आई ओजिब्वे होती. त्या माहेरच्या माणसांनी कथा सांगितल्या नसत्या तर हे काव्य झाले नसते.

पुढे कवितेवरून सुचलेल्या संगीतावर आणखी लेख द्यावेत, ही विनंती. एडगर अॅलन पोच्या कवितेवरची रखमानिनोव्हची ‘द बेल्स’ आहे, अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचे शब्द घेतलेली व्हॉन विल्यम्सची ‘सी सिम्फनी’ आहे. पण आधी अमेरिकन संगीतकार जॉन अॅडम्सची ‘द वूंड-ड्रेसर’ घ्यावी. अमेरिकेतील यादवी युद्धात व्हिटमन वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी शिपायांची शुश्रूषा करत असे. त्या अनुभवाची ही कविता अॅडम्सने बॅरिटोन गायक आणि वाद्यवृंदासाठी बांधली आहे. लेखाशेजारी कवितेच्या चार ओळी मराठीत छापता आल्या तर फारच उत्तम.

आपला नियमित वाचक,
पुणे