स्टुटगार्टच्या शॉपमधून

स्टुटगार्ट,
रविवार

प्रिय दत्ता,

फोनवर तू "कंपनी कशी आहे?" विचारलंस आणि मी "चांगली आहे" म्हणून ठेवून दिला. होस्टेलच्या त्या गोंगाटात नीट बोलताच आलं नसतं. आज इथली दुकानं बंद, रस्ते शांत. म्हणून सविस्तर लिहितो.

पत्त्याची नोंदणी, बँक, विमा यातच सुरुवातीचे दिवस गेले, त्याचं काही विशेष नाही. सांगायचंय ते शॉपबद्दल, म्हणजे कंपनीच्या यंत्रशाळेबद्दल. मला डिझाइनला बसवलंय. परवा आमच्या विभागप्रमुख बाई, डॉक्टरेट झालेल्या, एक ड्रॉइंग घेऊन थेट खाली मिलिंग मशीनपाशी गेल्या. मलाही सोबत नेलं. ४० मिलिमीटर खोल खाच, आतल्या कोपऱ्याला २ ची त्रिज्या. मशीनवरच्या माणसानं कागद पाहिला आणि सरळ सांगितलं, एवढ्या खोलात ४ मिलिमीटर व्यासाचा बारीक कटर चॅटर मारणार, म्हणजे थरथरणार, फिनिश येणार नाही, कोपऱ्याची त्रिज्या ५ करा. बाईंनी उभ्या उभ्या पेन्सिलनं बदल केला आणि त्याचे आभार मानले. कुणालाच त्यात कमीपणा वाटला नाही. दत्ता, उद्यमनगरात तू हेच किती वेळा सांगितलं असशील, आणि "ड्रॉइंगप्रमाणे कर" एवढंच ऐकून घेतलं असशील! मला तिथं तूच आठवलास.

शॉपच्या एका बाजूला शिकाऊ पोरांची वेगळी कार्यशाळा आहे. शेजारी संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र चालू असतं, पण आधी हातात कानस. घासायचं, मापायचं, पुन्हा घासायचं. तुझ्या फिटरसारख्या कामाचं शिक्षण इथं साडेतीन वर्षं चालतं, थोडं कंपनीत, थोडं व्यवसाय शाळेत, आणि पगार सुरुवातीपासून. पुढं परीक्षा देऊन माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, होता येतं. जर्मनीच्या पात्रता-आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर पदवीधर एकाच पायरीवर आहेत, ६ व्या. आपल्याकडं आयटीआयला गेला म्हणजे मार्क कमी पडले असणार, असं घरचेच बोलतात. तुझ्याबद्दल बोललेलं मी ऐकलंय, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

बॉश कंपनीचा संस्थापक रॉबर्ट बॉश, त्यानं १८८६ साली याच शहरात आपलं छोटं वर्कशॉप काढलं. तोही उल्ममध्ये शिकाऊ कारागीर म्हणूनच घडला होता. १९०६ मध्ये त्यानं आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. स्वतः यंत्रापाशी उभं राहिल्याशिवाय असं सुचत नसावं.

भाषेचं मात्र अवघड आहे. शॉपमध्ये श्वाबी बोली चालते, पुण्यात शिकलेली जर्मन तिथं निम्मीच पुरते. तरी धाकट्या संदीपला क्लास लावच. इथं शिकाऊ म्हणून यायचं तर साधारण बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन लागते. अर्ज कधी घेतात ते मी सोमवारी माइस्टरांना विचारतो. त्याच्या मार्कशीटचे फोटो पाठव, आणि त्यानं स्वतः घडवलेल्या एखाद्या जॉबचा, म्हणजे पार्टचाही.

काकूंना नमस्कार. जेवण नीट चाललंय म्हणावं.

तुझा,
सुहास