इंजेक्शन घ्या, पण चिठ्ठी स्वतःची हवी

संपादक महोदय,

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सध्या जिकडेतिकडे आहे. कुणाचे किती किलो घटले एवढेच बोलले जाते. डोस कसा वाढवला, हे कुणी विचारत नाही. यातलेच एक औषध म्हणजे सेमाग्लुटाइड; ते आठवड्यातून एकदा, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि चार-चार आठवड्यांनी वाढवत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. घाई केली की मळमळ, उलट्या मागे लागतात. सोबत इन्सुलिन चालू असेल तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइड ग्रंथीचा एक दुर्मीळ कर्करोग) झालेला असेल तर हे औषध घ्यायचेच नसते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणणाऱ्याला हे कोण सांगणार?

लठ्ठपणा हा आजार आहे, त्यावर औषध घेण्यात कमीपणा कसला! पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले, आणि औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. त्यामुळे औषध किती काळ चालेल, थांबवल्यावर पुढे काय, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

– एक वाचक