पावाविना एक दिवस

पालेर्मो (सिसिली बेट, इटली),
१५ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पोळीभाकरीवाचून माझे इकडे कसे चालते, असे तू दर वेळी विचारतेस. परवा तर इथल्या घराघरांतून पाव आणि पास्ता दोन्ही वर्ज्य होते आणि तरीही सारे शहर सणाच्या आनंदात होते, म्हणून त्या दिवसाविषयीच सविस्तर लिहिते.

१३ डिसेंबर हा सांता लुचियाचा दिवस. ही संत मूळची सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिराकुझा शहरातली. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळात, इ. स. ३०४ मध्ये, तिने आपल्या ख्रिस्ती श्रद्धेपायी प्राण दिले असे मानतात. ती डोळ्यांची रक्षणकर्ती समजली जाते; म्हणून बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिच्यापुढे मेणबत्ती लावून आले होते. पाव सोडण्याचे कारण मात्र दुष्काळाचे आहे. १६४६ मध्ये उपासमारीने लोक हवालदिल झाले असताना याच दिवशी गव्हाने भरलेले जहाज इथे पालेर्मोच्या बंदराला लागले, आणि दळण होईपर्यंत थांबण्याइतकाही धीर कोणात उरला नसल्यामुळे लोकांनी तो गहू तसाच उकडून, वर थोडे तेल घालून खाल्ला, अशी परंपरा आहे. हे जहाज आपल्याच बंदराला लागले, असे सिराकुझाचे लोकही ठामपणे सांगतात.

त्या उकडलेल्या गव्हाचीच आज ‘कुच्चीया’ झाली आहे. शेजारच्या आजी गहू दोन-तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात आणि मग मंद आचेवर काही तास शिजवतात. आपण खिरीसाठी गहू ओलवून, कांडून त्याचा कोंडा काढतो. इथे मात्र तो अख्खाच ठेवतात, त्यामुळे दाणा आतून लोण्यासारखा मऊ झाला तरी त्याची साल दाताखाली टचकन फुटते. चीज करून उरलेली मेंढीच्या दुधाची निवळी पुन्हा तापवली की जो मऊ साका वर येतो, तो म्हणजे रिकोता. तो साखर घालून चाळणीतून गाळतात आणि निथळलेल्या गव्हात कालवतात. त्यात पाकवलेल्या भोपळ्याचे तुकडे, चॉकलेटचे बारीक खडे आणि वरून दालचिनीची पूड. आजींनी आधी साऱ्या शेजाऱ्यांकडे वाट्या पोचवल्या आणि मगच स्वतः चमचा हातात घेतला. भुकेची आठवण वाटून खाऊन जपायची, ही रीत मला फार मोलाची वाटते.

रस्त्यावर मात्र ‘आरांचिना’चे राज्य असते. केशरी भाताच्या मुठीएवढ्या गोळ्यात खिमा आणि मटार, किंवा चीज आणि हॅम भरतात, तो पातळ पिठात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवतात (त्या चुऱ्याला मुभा आहे) आणि लालसर तळतात. सकाळपासूनच रांगा लागतात. पालक भरलेलीही मिळते आणि मी तीच खाते, तेव्हा आई, काळजी नसावी. बाबांना ‘पानेल्ले’ नक्की आवडतील: हरभऱ्याचे पीठ पाण्यात घोटून शिजवायचे, पातळ थापून वड्या पाडायच्या आणि तळायच्या. एरवी त्या पावात घालून खातात, त्या दिवशी नुसत्याच.

सिराकुझाला याच दिवशी संतेची चांदीची मूर्ती कॅथीड्रलमधून खांद्यांवरून मिरवत नेतात आणि २० तारखेला परत आणतात. ते कॅथीड्रल अथेना देवीच्या ग्रीक मंदिरातच उभे आहे आणि त्याच्या भिंतींत जुने खांब अजून दिसतात. यंदा मला तिकडे जाता आले नाही.

तुम्ही मार्चमध्ये आलात, तर १९ तारखेला सान ज्युझेप्पेचा, म्हणजे संत जोसेफचा, सण गाठता येईल. सालेमी गावात त्या दिवसांत फुले, पक्षी, चंद्र-सूर्य अशा आकारांच्या नक्षीदार पावांनी वेदी सजवतात. ते काम आईने जवळून पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे. बाबा, व्हिसासाठी तुमचे फोटो आणि पासपोर्टची प्रत या आठवड्यातच पाठवा. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा.

तुमची,
मीनल