दिवाडीहून पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

पणजीची नोकरी मी सोडली. फोटो काढण्यासाठी दिवाडी बेटावर खोली घेतली आहे, पुढच्या पावसापर्यंत तरी. मावशीकडून कानावर आलंच असेल, पण माझ्याकडून नीट कळायला हवं. तुमच्यापासून लांब राहावं म्हणून हे केलेलं नाही.

फेरीबोटीने नदी ओलांडली की नार्व्याला आपलं घर असताना भाडं कशाला, असं बाबा म्हणतील. बाबा, नार्व्याची पहिली फेरीबोट इकडे लागेपर्यंत मला हवा तो उजेड सरलेला असतो. ओहोटी लागली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं उघडतात, पाण्याबरोबर मासळी जाळ्यात येते, आणि ती ओढणारी माणसं अंधारातच उभी असतात. भरती येताच पाण्याच्या रेट्याने दारं आपसूक मिटतात. ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, ऑफिस सांभाळून ती गाठता येत नाही. हे तुम्हाला मी काय सांगू? बांध फुटला त्या रात्री तुम्ही छातीभर चिखलात उभे होतात आणि आपल्या घरात त्याचा एकही फोटो नाही. आता कितीतरी खाजनांत, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, खारं पाणी शिरलंय, भाताच्या जागी खारफुटी उभी राहतेय. चिखलाचे गोळे रचून बांध घालणारी माणसं म्हातारी झाली. त्यांचे फोटो मला आत्ताच काढायला हवेत.

समुद्रासाठी आदल्या रात्री ताळगावला मावशीकडे झोपतो आणि पहाटे करंझाळ्याला जातो. आपला समुद्र पश्चिमेला, सूर्य पाठीमागून वर येतो, म्हणून पाणी बराच वेळ राखाडी राहतं आणि त्यावर होड्यांचे निळे-तांबडे रंग आधी उजळतात. पुनवेच्या पहाटे चंद्र समुद्रात मावळतो. आई, तुला एकदा दाखवणार आहे. शाल मात्र घ्यायची.

लग्नांच्या फोटोंची कामं हातात आहेत, भाडं त्यातून सुटतं.

जेवणाची चिंता करू नकोस, आई. पोदेर दारात पाव देतो, दुपारी घरमालकीणबाई गरम पेज आणि तोंडी लावायला काहीतरी पाठवतात. मच्छरदाणी आहे, पाणी उकळून पितो. आणि आपला सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचाच ना? शिवाजी महाराजांनी 1668 साली त्याचं देऊळ तिकडे नार्व्याला बांधायला घेतलं. तिकडून तो तुम्हाला सांभाळतो, इकडे त्याच्या जुन्या गावात मी आहे.

लहानपणी फेरीबोटीचा कर्कश भोंगा वाजला की मी तुझ्या पदरात तोंड लपवायचो. अजून भोंगा वाजला की तुझीच आठवण येते.

बाबांनी प्रेशरची गोळी न्याहारीनंतर लगेच घ्यायची, आठवण झाल्यावर नव्हे. नारळांना पाडेलीच बोलवा, काठी घेऊन स्वतः उभे राहू नका. आई, विहिरीकडचं शेवाळ काढून घे, आणि तू नव्हे, कामाच्या माणसाकडून. रागावू नका, रात्री झोपताना हेच डोक्यात येतं.

तुळशीच्या लग्नाला येतोय. ऊस आणि आवळ्याची डहाळी मी आणीन. दुसऱ्या दिवशी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, वेळ घेऊन ठेवली आहे.

तुमचा,
बाळू